धावगट बांधावा तो मागच्या टोकाकडून

शहरात धावगट सुरू करायचा म्हटले की बहुतेक मंडळी सर्वप्रथम गटाचे नाव, चिन्ह आणि टी-शर्टचा रंग ठरवायला बसतात. ही कामे सहा महिन्यांनी केली तरी चालतात. पहिल्या दिवशी, धावायला निघण्यापूर्वी, एकाच प्रश्नाचे उत्तर तयार असावे लागते: जो सगळ्यांत मागे राहील त्याच्यासोबत कोण असेल? पुढच्या आठवड्यात किती जण परत येतील, नवख्या माणसाला गट आपला वाटेल की नाही आणि रस्त्यावर सगळे सुरक्षित राहतील की नाही, हे सारे या उत्तरावर अवलंबून असते. म्हणून हे मार्गदर्शन मी रांगेच्या मागच्या टोकाकडून लिहीत आहे.

या विचाराला एक जुना दाखला आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने १९६२ मध्ये ऑकलंड जॉगर्स क्लब सुरू झाला. त्याच सुमारास अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बोवरमन तेथे गेले असता लिडियार्ड यांनी त्यांना क्लबच्या मंडळींबरोबर धावायला नेले. पन्नाशी गाठलेल्या बोवरमन यांची समजूत अशी होती की आपली प्रकृती ठणठणीत आहे. प्रत्यक्षात चढ लागताच ते मागे पडले आणि धापा टाकू लागले. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके सोसलेले एक गृहस्थ मुद्दाम मागे आले आणि गप्पा मारत त्यांच्यासोबत राहिले. बोवरमन मायदेशी परतले ते हे सामान्य नागरिकांचे धावणे आपल्या गावात रुजवायचे असे ठरवूनच, आणि अमेरिकेत पुढे जॉगिंगची जी लाट उसळली तिच्या उगमाशी त्यांचे हे काम आहे. लिडियार्ड यांची प्रशिक्षणपद्धती जगभर अभ्यासली जाते, ते योग्यच आहे. धावगट चालवणाऱ्याने मात्र त्या वयस्क गृहस्थांकडून शिकावे, असे मला मनापासून वाटते.

वार, वेळ आणि जमण्याची जागा

आज 'क्रू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटांना वळण लावण्यात दोन गटांचा वाटा मोठा आहे: माइक सेस यांनी २००४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेला ब्रिज रनर्स आणि डीजे व कवी असलेल्या चार्ली डार्क यांनी २००७ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेला रन डेम क्रू. पारंपरिक क्लबमध्ये सभासदत्व, वर्गणी, प्रशिक्षक आणि स्पर्धेतील वेळ यांना महत्त्व असते. क्रूमध्ये ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी येऊन उभे राहिले की माणूस गटातला झाला. त्यामुळे वार, वेळ आणि जागा या तीन गोष्टी एकदा ठरल्या की त्या बदलू नयेत.

आठवड्यातून एकच दिवस ठेवावा, पण तो न चुकता पाळावा. येणाऱ्याला आदल्या रात्री कुणाला विचारावे लागू नये. 'आज आहे ना?' असा निरोप ग्रुपवर दर आठवड्याला येऊ लागला, तर गटावरचा विश्वास डळमळू लागला असे समजावे. पाऊस असो वा दोनच जण येणार असोत, जबाबदार माणूस तेथे हजर हवाच. विजा चमकत असतील, रस्त्यावर पाणी साचले असेल किंवा उकाडा धोकादायक असेल, तर मात्र धावणे रद्द करावे आणि तसे दोन-तीन तास आधी कळवावे, म्हणजे लांबून येणारे वाटेत अडकणार नाहीत.

जागा निवडताना तिचे छायाचित्र कसे येईल याचा विचार नको. तेथे पुरेसा उजेड आहे का, जवळ स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी आहे का, स्वतःचे वाहन नसलेल्याला तेथे पोहोचता येते का आणि रात्री तेथून एकट्या स्त्रीला निर्धास्तपणे घरी परतता येते का, हे प्रत्यक्ष त्या वेळी जाऊन पाहावे. दुपारी पाहिलेली जागा रात्री आठ वाजता अगदी वेगळी दिसते.

रस्ता असा आखावा की अंतर पडले तरी माणसे तुटणार नाहीत

गटात सारख्या वेगाची माणसे कधीच नसतात. एकाला किलोमीटरला पाच मिनिटे लागतात, तर दुसऱ्याला आठ. 'सगळ्यांनी हळू धावा' असे सांगून हा फरक मिटत नाही, कारण वेगवान माणसाचे पाय दहा मिनिटांत आपल्या लयीवर येतात. हा फरक गृहीत धरूनच रस्ता आखावा लागतो आणि त्याच्या काही चांगल्या रीती आहेत.

पहिल्या दीड-दोन महिन्यांसाठी सर्वांत निर्धोक रीत म्हणजे लहान फेरी. एखाद्या बागेभोवती किंवा कमी रहदारीच्या रस्त्यांवर एक-दीड किलोमीटरची फेरी ठरवावी आणि ज्याला झेपतील तितक्या फेऱ्या त्याने माराव्यात. यात कुणी हरवत नाही, दमलेला माणूस आपल्या बॅगेजवळच थांबू शकतो आणि पुढचे मागच्यांना वारंवार भेटत राहतात.

दुसरी रीत मला अधिक आवडते. अंतराऐवजी वेळ ठरवावी: सगळ्यांनी एकाच रस्त्याने एका दिशेला वीस मिनिटे धावावे आणि विसावे मिनिट भरताच, जो जेथे असेल तेथून मागे वळावे. पाच मिनिटांच्या वेगाचा माणूस तोवर चार किलोमीटर गेलेला असतो आणि आठ मिनिटांच्या वेगाचा अडीच. पण दोघांनी आपला वेग राखला, तर चाळिसाव्या मिनिटाला दोघेही सुरुवातीच्या जागी पोहोचतात. परतीच्या वाटेवर मागचे पुढे झालेले असतात आणि वेगवान मंडळींना त्यांना गाठण्यासाठी झटावे लागते. जे नेहमी शेवटी पोहोचतात त्यांना घोळक्याच्या मध्ये असताना शेवटचा दिवा दिसतो, तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

तिसरी रीत क्वालालंपूरमध्ये १९३८ साली सुरू झालेल्या हॅश हाउस हॅरियर्स या मंडळींची. तेथे एक-दोघे आधी पुढे जाऊन कागदाच्या तुकड्यांनी माग आखतात आणि त्यात जाणूनबुजून खोटे फाटे ठेवतात. सर्वांत पुढे असणारे फाट्यावरून चुकीच्या वाटेला लागतात, खरी वाट शोधत परत येतात आणि तेवढ्या वेळात मागचे त्यांना येऊन मिळतात. भर शहरात कागद टाकत फिरणे योग्य नव्हे, पण त्यामागची युक्ती घेण्याजोगी आहे: जो वेगवान आहे त्याला जास्तीचे अंतर द्यावे. पुढच्यांनी पुलाच्या टोकापर्यंत जाऊन परत यावे किंवा चढ दोनदा चढावा, असे आधीच सांगून ठेवले, की त्यांचा व्यायामही होतो आणि गटही एकत्र राहतो.

लांबच्या सलग रस्त्यावर दर दीड किलोमीटरला थांबण्याची जागा ठरवावी. या थांब्यांवर जवळजवळ प्रत्येक गट एक चूक करतो. पुढचे पोहोचतात, दोन-तीन मिनिटे श्वास घेतात, पाणी पितात, आणि शेवटचा माणूस दिसताच 'चला' म्हणून निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्यालाच ती मिळत नाही, आणि तिसऱ्या थांब्यापर्यंत तो पुरता खचतो. नियम असा असावा की शेवटचा माणूस आल्यावर पूर्ण एक मिनिट मोजायचे आणि तो 'निघू या' म्हणाला की मगच निघायचे.

मागे राहणारा सोबती

रांगेच्या शेवटी राहणाऱ्याला धावगटांत स्वीपर म्हणतात. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी तेरा धावकांना घेऊन सुरू झालेल्या आणि पुढे अनेक देशांत पसरलेल्या पार्करनमध्ये 'टेल वॉकर' नावाचा स्वयंसेवक असतो. तो सर्वांच्या मागून येतो, त्यामुळे भाग घेणाऱ्या कुणालाही आपण शेवटचे आलो असे म्हणावे लागत नाही. एवढ्या एका नेमणुकीमुळे किती जणांना यायचे धाडस झाले असेल, याचा विचार करावा.

आमच्या गटात सुरुवातीला स्वीपर नव्हता. एका संध्याकाळी एक नवी बाई आली होती. निघताना तिने फोन बॅगेत ठेवला, कारण आम्हीच तसे सुचवले होते. तिसऱ्या चौकात सिग्नल लाल झाला. आम्ही चौदा जण ओलांडून गेलो होतो आणि ती एकटी अलीकडे राहिली. सिग्नल सुटेपर्यंत आम्ही पुढच्या वळणावर दिसेनासे झालो होतो. तिला रस्ता ठाऊक नव्हता. लोकांना विचारत विचारत ती चालत परत आली, तेव्हा आम्ही गोल करून हसत फोटो काढत होतो. तिने बॅग उचलली, 'ठीक आहे, काही हरकत नाही' एवढेच म्हणाली आणि गेली. ती पुन्हा कधी आली नाही. तिला मोठी इजा झाली नाही हे आमचे नशीब, पण चौदापैकी एकाच्याही लक्षात आले नाही याची खंत मला आजही आहे.

त्यानंतर आम्ही जे नियम केले ते येथे देतो, कारण ते कोणत्याही शहरात लागू पडतील. शेवटचा माणूस चौक ओलांडेपर्यंत पहिल्याने पुढे जायचे नाही. दर दहा-बारा जणांमागे रस्ता माहीत असलेला एक जण पुढे आणि एक मागे असलाच पाहिजे. स्वीपरजवळ फोन, थोडे पाणी, पट्टी आणि घरी जाण्यापुरते पैसे असतात. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर माणसे मोजली जातात, आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय कुणी निरोप घेत नाही. जो मध्येच घरी जाणार असेल त्याने स्वीपरला सांगूनच वळावे.

स्वीपर कसा असावा, हेही सांगितले पाहिजे. गटातला सर्वांत हळू धावणारा माणूस म्हणजे स्वीपर, अशी एक चुकीची समजूत असते. खरे तर जो सहज पुढे राहू शकला असता असाच माणूस तेथे हवा, म्हणजे त्याच्याजवळ बोलण्यापुरता श्वास उरतो. त्याने शेवटच्या धावकाच्या पुढे अर्धे पाऊलही जाऊ नये, कारण त्या अर्ध्या पावलाने आपल्याला ओढत नेले जात आहे असे वाटू लागते. घड्याळाकडे पाहू नये. 'थोडेच राहिले' असे खोटे सांगू नये. खरे अंतर सांगावे. समोरचा चालू लागला तर आपणही चालावे आणि त्यावर काही बोलू नये. बुटाची नाडी बांधायला तो वाकला, तर आपणही आपली नाडी तपासावी. ही शेवटची सूचना क्षुल्लक वाटेल, पण थांबलेल्या माणसाकडे उभे राहून पाहत बसणे आणि त्याच्याबरोबर थांबणे यांत फार अंतर आहे.

निघण्यापूर्वीची पाच मिनिटे

गोल करून उभे राहावे आणि एकाने मोठ्याने, स्पष्ट सांगावे: आज किती अंतर, कोणता रस्ता, कोठे थांबायचे, पुढे कोण, मागे कोण. नव्यांची नावे विचारून घ्यावीत आणि प्रत्येक नव्या माणसाची एका जुन्याशी गाठ घालून द्यावी. 'तू किती वेगाने धावतोस?' हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नये. त्याऐवजी 'शेवटचे कधी धावलात आणि किती?' असे विचारले की खरे उत्तर मिळते. वेगानुसार उपगट करायचे असतील तर त्यांच्या नावांत कमीपणा नसावा. रन डेम क्रूने आपल्या उपगटांना प्राण्यांची नावे दिली होती, तशी काही सोय करता येते, पण कोणत्याही परिस्थितीत 'स्लो ग्रुप' हा शब्द वापरू नये.

वेग कळण्यासाठी महागडे घड्याळ लागत नाही. धावताना सलग दोन-तीन वाक्ये बोलता आली पाहिजेत, ही कसोटी बोवरमन यांच्या काळापासून चालत आली आहे आणि ती पुरेशी आहे. अगदी नव्यांसाठी एक मिनिट धावणे आणि एक-दोन मिनिटे चालणे असा क्रम ठेवावा. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी धावणे आणि चालणे यांची अशी सांगड घालण्याचा आयुष्यभर पुरस्कार केला, त्यामुळे चालण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आजारपणाविषयी एक गोष्ट सर्वांना पाठ असावी. उष्ण हवेत धावताना एखादा असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा त्याला कोठे आहोत हे कळेनासे झाले, तर तो उष्माघात समजून लगेच धावणे थांबवावे, सावलीत न्यावे, अंगावर थंड पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि रुग्णवाहिका बोलवावी. घाम येत आहे म्हणून धोका नाही असे मानू नये. छातीत दुखणे किंवा भोवळ येणे यांनाही हीच तातडी लागते. गटातल्या दोघा-तिघांनी हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचे (सीपीआर) प्रशिक्षण घेतलेले असावे.

रस्ता सर्वांचा आहे

वीस जणांचा घोळका फुटपाथवर आला की हातात पिशव्या घेतलेली वृद्ध बाई भिंतीला टेकून उभी राहते. तिला तसे उभे राहावे लागू नये, याची जबाबदारी आपली आहे. दोनपेक्षा जास्त जणांनी शेजारी-शेजारी धावू नये, समोरून कुणी आले की एका रांगेत यावे आणि मागून जाताना आधी हाक द्यावी. फुटपाथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे, रात्री प्रकाश परावर्तित करणारे कपडे घालावेत आणि कानांत काही घालू नये. पहाटे राहत्या वस्तीतून जाताना घोषणा आणि स्पीकर टाळावेत.

धावणे संपल्यावर

गटाची ओळख खरी बनते ती धावून झाल्यानंतरच्या वीस मिनिटांत. धावताना शेजारच्याचा चेहरा दिसत नसतो, श्वास मोजका असतो आणि त्यामुळे माणसे एकमेकांशी आश्चर्य वाटावे इतके मोकळे बोलतात. नोकरी गेल्याची, घरातल्या आजारपणाची गोष्ट पहिल्यांदा अशा एखाद्या शेजाऱ्याला सांगितली जाते. थांबल्यावर त्या बोलण्याला बसायला जागा हवी. खर्च करावा लागेल असे ठिकाण नको. पायऱ्या किंवा बागेतला कट्टा उत्तम. जुन्यांनी आपापला कंपू करून उभे राहण्याची सवय मोडावी, कारण नव्या माणसाला घोळक्यांच्या मध्ये एकटे उभे राहणे पाच किलोमीटर धावण्यापेक्षा जड जाते.

धावगटांत मैत्री होते, कधी प्रेमही जमते, आणि त्यात वाईट काहीच नाही. मात्र केवळ ओळखी वाढवण्यासाठी आलेल्या कुणाच्या सलगीमुळे एखाद्या स्त्रीने येणे सोडले, तर तो गटाचा दोष आहे. तक्रार कुणाकडे करायची, त्या दोन व्यक्तींची नावे सर्वांना माहीत असावीत आणि त्यांपैकी एक स्त्री असावी. तक्रार आली तर ज्याच्याविरुद्ध ती आहे तो कितीही जुना किंवा वेगवान असला, तरी त्याला थांबवण्याची तयारी संस्थापकांची असली पाहिजे.

फोटो काढण्यापूर्वी विचारावे. ज्याला नको असेल त्याला बाजूला होण्याचे कारण द्यावे लागू नये. स्ट्रॅव्हासारख्या ॲपवर धावणे नोंदवताना घराजवळचा भाग लपवण्याची सोय असते, ती सर्वांना पहिल्याच आठवड्यात दाखवावी. २०१८ च्या जानेवारीत याच ॲपच्या नकाशावरून लष्करी तळांच्या आतले धावण्याचे मार्ग ओळखता येतात हे उघड झाले होते. तेव्हा एकट्या राहणाऱ्या व्यक्तीचे घर त्यावरून शोधणे किती सोपे आहे हे वेगळे सांगायला नको.

गट वाढला की बुटांच्या किंवा कपड्यांच्या कंपन्या विचारणा करतात. साहित्य घेण्यास हरकत नाही, परंतु वार, वेळ, रस्ता आणि प्रवेश यांपैकी कशावरही त्यांचा अधिकार चालणार असेल तर नकार द्यावा. संख्या चाळीसच्या पुढे गेली तर एकाच घोळक्याने निघण्याऐवजी पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तुकड्या सोडाव्यात, आणि प्रत्येक तुकडीला स्वतःचा स्वीपर द्यावा.

स्पर्धेच्या दिवशी जे धावत नसतील त्यांनी रस्त्याच्या कडेला उभे राहावे. मॅरेथॉनमध्ये ही जागा तीस किलोमीटरच्या पुढे निवडावी, कारण तेथवर प्रेक्षक विरळ झालेले असतात आणि धावकाला आपले नाव ऐकण्याची गरज असते. आपल्या गटाचा शेवटचा धावक जाईपर्यंत तेथून हलू नये. त्याला कधी कधी आणखी दोन तास लागतात.

ज्याने गट सुरू केला त्याने महिन्यातून एकदा तरी स्वतः स्वीपर व्हावे आणि पुढची धुरा दुसऱ्याकडे द्यावी. मागून पाहिले की कोणता चौक अंधारा आहे, कोणत्या चढावर माणसे गप्प होतात, कोण तीन आठवड्यांपासून दिसलेले नाही, हे सारे कळते. त्या रात्री घरी गेल्यावर त्या न दिसलेल्या माणसाला एक निरोप पाठवावा: 'या आठवड्यात मागे मी आहे. सावकाश जाऊ. येणार का?'